शंभर युनिटच्या आत

९ डिसेंबर, मंगळवार

लाइटबिल आलं. एकशे एकतीस युनिट!

गेल्या वर्षी याच महिन्यात ब्याण्णव होते. घर तेच, माणसं तीच, पंखे दिवाळीपासून बंद. मग हे वरचे एकोणचाळीस खाल्ले कोणी? शंभरच्या आत राहिलं तर बिल परवडतं. शंभर ओलांडले की दर पायरी चढतो. म्हणून रिटायर झाल्यापासून जिवाचा आटापिटा करून शंभरच्या आत ठेवतोय. दीपनगरला प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं काढली. मेगावॅटचे हिशेब केले — आणि माझ्याच घरातली वीज कुठे जाते ते मला कळू नये?

चारुलता म्हणाली, जाऊ द्या, थंडी आहे, होतं थोडं इकडेतिकडे. थंडीचा काय संबंध? गिझर मी केव्हाच काढून टाकलाय. आंघोळीचं पाणी बंबावर तापतं, तेही कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर. असोद्याच्या रस्त्याने सायकलवर लादून आणतो मी. फुकट! बायकोने इतक्या सहज 'जाऊ द्या' म्हटलेलं मला आवडलं नाही.

१० डिसेंबर

आजपासून मीटर दिवसातून तीनदा वाचणार. सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी पाच. त्यासाठीच ही जुनी वही काढली.

११ डिसेंबर

किराणा आणला. तूरडाळ अर्धा किलो, बाकी भाकरीला ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ आहेच घरी. दुकानदाराच्या काट्यावर माझा विश्वास नाही. घरी येऊन परत वजन केलं. बरोबर भरलं. म्हणजे मी वजन करतो हे त्याला कळलेलं आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

पाच दिवसांचे आकडे समोर आहेत. रात्रभर मिळून पाऊण युनिट — फ्रिजचं, ठीक. सकाळचं ठीक. पण दुपारी दोन ते पाच रोज दीड-पावणेदोन युनिट! रोज!

दुपारी मी वाचनालयात असतो. पेपर बंद केल्यापासून तिथेच जाऊन वाचतो, वर्षाची वर्गणी एका महिन्याच्या पेपरबिलापेक्षा कमी. म्हणजे माझी पाठ वळली की हे चालू होतं.

खाली चारुलता एकटी. वरच्या खोलीत भाडेकरू — मंगा, त्याची बायको रेशमा आणि मुलगी रोशनी. यावलच्याही पलीकडचे, सातपुड्याच्या पायथ्याकडचे. मंगा केळीच्या गाड्या भरतो, पहाटे जातो तो अंधार पडल्यावर येतो. रोशनी बारावी सायन्सला, दिवसभर कॉलेज आणि क्लास. रेशमा दाळमिलमध्ये सकाळच्या पाळीला. सुटून घरी येते दोनला. दोनला!

भाडं तीन हजार, लाइट धरून. लाइट धरून — ही अवदसा मला कुठून आठवली होती देव जाणे. सबमीटर बसवायचा तर वायरमनची मजुरी धरून दोन हजार जातात. ते कोण देणार?

चारुलताला विचारलं, दुपारी वरून काही आवाज येतो का. म्हणाली, मी झोपलेली असते. हिला कधीपासून दुपारची झोप यायला लागली?

१९ डिसेंबर

चारुलता आज भाजीबाजारापर्यंत पायी आली, वाटेत एकदाही बसली नाही. दिवाळीत गुडघा धरून जिन्याखाली बसायची, रिक्षा-रिक्षा करायची. मी रिक्षा बंद केली, चालायला लावलं, आणि बघा! तिला म्हटलं, काटकसरीसारखं औषध नाही. हसली. पैसेही वाचले आणि गुडघाही सुटला.

२३ डिसेंबर

बंबातल्या विस्तवावर वांगी भाजून घेतली, गॅस वाचला. भरीत फार सुरेख झालं होतं. चारुलताने मला न विचारता वाटीभर वर पाठवलं. वांगी चाळीस रुपये किलो आहेत.

संध्याकाळी मागच्या दारी ती आणि रेशमा हळू आवाजात बोलत होत्या. मी आलो तशा गप्प झाल्या. रेशमा माझ्याकडे न बघता जिना चढून गेली. काय बोलत होतात, तर म्हणे रोशनीच्या अभ्यासाचं. मुलीच्या अभ्यासाबद्दल कुजबुजायचं काय कारण?

२४ डिसेंबर

रोशनीवर माझा संशय नाही. नऊ वॅटचा दिवा सहा तास जाळला तरी ते किती? हिशेब मला कळतो. शिवाय मुलगी सरळ आहे. प्रश्न तिच्या आईचा आहे. गॅस महाग म्हणून विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करत असणार, लिहून ठेवतो.

२९ डिसेंबर, सोमवार

आज प्रयोग केला. वरच्या खोलीचा फ्यूज वेगळा आहे. दोन वाजता तो गुपचूप काढून खिशात घातला आणि वाचनालयात गेलो. पेपरात लक्ष लागेना. पाचला धावत घरी. मीटर बघितलं.

दीड युनिट!

वरची लाइन मेलेली, फ्यूज माझ्या खिशात, आणि तरी दीड युनिट.

३० डिसेंबर

उलगडा झाला. रेशमा शेगडी माझ्याच लाइनवर लावते! मागे मोरीच्या बाहेर वॉशिंग मशीनसाठी काढलेला सॉकेट आहे. मशीन कधी घेतलं नाही, सॉकेट तसाच. जिना तिथेच उतरतो. चारुलता आत झोपलेली, मी बाहेर, रान मोकळं. एवढी हुशारी! मला वाटलं होतं तेवढी साधी नाही ही बाई.

चारुलताला सांगितलं. तिने भाकरी तव्यावर जाळली. इतक्या वर्षांत तिची भाकरी जळलेली मी पाहिली नव्हती. म्हटलं, तुला एवढा धक्का बसला, मग माझं काय झालं असेल?

४ जानेवारी

हितेंद्रचा पुण्याहून फोन. त्याच्या आईने त्याला आधीच सगळं सांगितलेलं दिसलं. म्हणाला, नाना, लाइटबिल मी भरत जाईन, तुम्ही त्यांच्या मागे लागू नका. म्हणजे चोराने न्यायचं आणि माझ्या मुलाने भरायचं! त्यालाही कोणी फितवलंय का?

९ जानेवारी

बिल — एकशे अठ्ठावीस.

१३ जानेवारी, मंगळवार

सापडली!

आज वाचनालयातून साडेचारलाच निघालो. पुढच्या दाराने न जाता बोळातून मागे आलो. रेशमा जिन्याच्या पहिल्या पायरीवर. एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हातात पाणी तापवायचा रॉड. मी हात लावून बघितला, रॉड गरम! सॉकेटचं बटण अजून चालू.

मी खूप बोललो. दोन वर्षं तुम्हाला घरच्यासारखं ठेवलं, आणि भरदुपारी माझ्याच भिंतीत रॉड खुपसता — असं बरंच. तोंड सुटलं की माझं थांबत नाही. ती एवढंच म्हणाली, "रॉड मना शे, नाना. पुढे काही इचारू नका."

मी विचारलंच. इतकं पाणी कशाला तापवत होतीस रोज? ती रॉडची वायर गुंडाळायला लागली. चारुलता दारात येऊन उभी राहिली होती, पदराचं टोक मुठीत. तिला म्हटलं, बघ, तू झोपतेस तेव्हा काय चालतं ते. ती खाली बघत राहिली. फार भिडस्त आहे.

खोली एकतीस तारखेला रिकामी करायची असं सांगून टाकलं. मन हलकं झालं. महिनाभर माझी झोप उडाली होती.

१४ जानेवारी

संक्रांत. चारुलताने तीळगूळ केला नाही. तीळ महाग म्हणून असेल. मी काही बोललो नाही.

२० जानेवारी

रोशनी आली होती. दाराशीच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. बारावीचे पेपर दहा फेब्रुवारीपासून आहेत. मार्चपर्यंत राहू द्या म्हणाली. शहरात एवढ्या भाड्यात खोली मिळत नाही, बाबा चार ठिकाणी जाऊन आले. गावाहून यायचं तर पायी रस्त्यापर्यंत, मग यावल, मग जळगाव — अडीच-तीन तास जायला, तेवढेच यायला. "नाना, मी दिवासुद्धा लावणार नाही. अभ्यासिकेत बसेन. फक्त झोपायला येऊ."

खरं लिहितो, मी हो म्हणणार होतो. मुलगी हुशार आहे, नर्सिंग का काय करायचंय तिला. जिभेवर शब्द आलाच होता. तेवढ्यात चारुलता स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, राहू द्या हो त्यांना, त्यात रेशमाची काही — आणि थांबली. रेशमाची काही काय? काही नाही, म्हणाली.

मग मला समजलं. हे ठरवून चाललेलं आहे. आधी मुलीला पुढे करायचं, मग बायकोने री ओढायची. तिघी मिळून मला मूर्ख बनवतायत. मी नाही म्हणून सांगितलं. मुलगी 'बरं' म्हणाली आणि गेली.

ती गेल्यावर मला बरं वाटलं नाही. पण एकदा नमतं घेतलं की घर हातचं जातं.

३१ जानेवारी, शनिवार

गेले. गावी सामान न्यायला मंगाने केळीवाल्याचा छोटा हत्ती टेम्पो आणला होता. सामान ते किती, दोन फेऱ्यांत भरून झालं. मंगा माझ्याशी भांडेल असं वाटलं होतं, काठी दाराआड ठेवली होती मी. तो किल्ली हातात देत म्हणाला, "बठ्ठं सामान काढी लिधं, नाना. खोली पाही ल्या." पाहिली. झाडलेली, पुसलेली. भिंतीवर एकही खिळा जास्त नाही.

चारुलता आणि रेशमा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. भाडेकरूसाठी एवढं? आमचं दीपनगरचं क्वार्टर सुटलं तेव्हाही ही रडली नव्हती.

२ फेब्रुवारी

दुपारी दोन ते पाच — शून्य पॉइंट दोन! फक्त फ्रिज!

घ्या. आता बोला. आकडा खोटं बोलत नाही. चारुलताला दाखवायला वही नेली. ती म्हणाली, हो, तुमचं बरोबर होतं. इतकंच.

५ फेब्रुवारी

खोलीसाठी एक जण विचारून गेला. साडेतीन हजार म्हणतो, लाइट वेगळं. त्याने जिना दोनदा का निरखला ते कळलं नाही.

चारुलता बाजारात येत नाही. पायी नको म्हणते. रुसवा काढतेय माझ्यावर. काढू दे, चार दिवसांत निवळेल.

७ फेब्रुवारी

सकाळी चारुलता देवापुढे बसली ती उठेचना. मला हाक मारली नाही. मी बंबात पऱ्हाट्या घालून आत आलो तर तशीच बसलेली, एक हात जमिनीवर, घाम आलेला, एवढ्या थंडीत. मी म्हटलं, पुरे आता, किती दिवस ताणणार. मग उठवायला गेलो तेव्हा गुडघ्याला हात लागला. सुजून डबल झालाय. ओरडली. मला फार वाईट वाटलं. दिवसभर बाम चोळत बसलो. एवढं कसं वाढलं? डिसेंबरात तर टुणटुणीत चालत होती!

९ फेब्रुवारी, सोमवार

उद्या हाडांच्या डॉक्टरकडे नेतोय. रिक्षा सांगितली आहे. डॉक्टर लोक गरज नसताना फोटो काढायला लावतात. मी बरोबर आत जाणार. ती म्हणत होती, तुम्ही बाहेर बसा. का?

१० फेब्रुवारी

डॉक्टरांनी तिला ओळखलं. फाइल काढली — नोव्हेंबरची! म्हणाले, "आजी, शेक का थांबवला? दुपारी तासभर गरम पाण्यात गुडघ्यापर्यंत पाय, त्यावरच तर चालायला लागला होतात. आणि मुलगी नाही आली आज?"

आम्हाला मुलगी नाही.

येताना रिक्षात तिने सगळं सांगितलं. डॉक्टरकडे रेशमाने नेलं होतं. रॉड रेशमाचा, बादलीही तीच भरायची. मी दोनला बाहेर पडलो की दोघी लावायच्या, पाचच्या आत आवरायच्या. मी पकडलं त्या दिवशी रेशमा गप्प राहिली, कारण हिने तिला गळ्याची शपथ घातली होती. रोशनीचा आज पहिला पेपर. पहाटे कितीला निघाली असेल?

मी म्हटलं, अडतीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. परक्या बाईला सांगितलंस, मला का नाही?

ती बाहेर बघत होती. म्हणाली, "तिला सांगताना भीती नाही वाटली."