आत भाऊ असला तर

सर, तुमची मुलगी यंदा माझ्या वर्गात आहे. केमिकल इंजिनीअरिंगलाच आली, तीही पेणच्या आपल्याच कॉलेजात. नाक तुमचंच आहे. मी तिच्याशी कामापलीकडे बोलत नाही.

रोह्याची कंपनी सोडून तुम्ही आम्हाला प्रोसेस सेफ्टी शिकवायला आलात, तो पहिला तास आठवतो. "टाकीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडलाय. तुम्ही वर झाकणापाशी आहात. काय कराल?" मी ताडकन उठले. "उतरून बाहेर काढीन, सर." तुम्ही म्हणालात, "मेलीस. खाली बस." आणि आठवडाभर हजेरीत माझं नाव घेतलं नाहीत. मी हात वर केला की तुम्ही खिडकीबाहेर बघायचात. मेलेल्यांना शंका नसतात म्हणे. शेवटी मी रडकुंडीला येऊन विचारलं, "पण आत भाऊ असला तर?" तुम्ही हसलात. "तर घरातून दोन तिरड्या निघतील. जी हवा त्याला पाडते ती तुलाही पाडणार. ब्रीदिंग सेट येईपर्यंत वर उभं राहायचं. बघत उभं राहायचं." तुमचा इतका तिरस्कार मी कुणाचाच केला नाही. पुढे रोह्यात नोकरी करताना टाकीच्या तोंडाशी माणसं अडवली, ती तुमच्याच आवाजात.

मग तो मे महिना. खांब गावाशेजारच्या तुमच्या गावी विहिरीचा गाळ काढायचा होता आणि पाणी उपसायला डिझेल इंजिन विहिरीतच उतरवलेलं. ते उतरवलं तेव्हा तुम्ही ओटीवर पेपर वाचत होतात, असं कळलं. धूर आत कोंडला. इंजिन बंद करायला तुमचा धाकटा भाऊ उतरला आणि तिथेच आडवा झाला. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तुमची बायको भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर ही पोर. "किती वरडले गो मी. पोरांना तुम्हीच शिकवता ना, नका उतरू. तर म्हणतात, आलोच." दोघांना एकाच टेम्पोतून स्मशानात नेलं होतं. मला रडू आलं नाही. चीड आली, ती अजून येते.

पुढे मीही शिकवायला लागले, तेव्हापासून दरवर्षी तुमचीच गोष्ट शिकवते. "एक सर होते, उत्तर त्यांना तोंडपाठ होतं," अशी सुरुवात करते, नाव सांगत नाही. मुलं हसतात आणि मी त्यांना हसू देते. यंदा ती गोष्ट गाळता आली असती. गाळली नाही. मुलं हसली, तुमची मुलगी वहीकडे बघत राहिली. मग मी तिलाच उभं केलं आणि तुमचा टाकीचा प्रश्न विचारला.

"नाय उतरणार, मॅडम. माणसं बोलवीन, सेट मागवीन."

"आत सख्खा भाऊ असला तर?"

"तरी नाय." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "वर पण आपलं कोणीतरी असतंच ना, मॅडम."

इतक्या वर्षांत एवढं चोख उत्तर कुणी दिलं नव्हतं. बरोबर, बस, एवढंच म्हणायचं होतं. मी तास संपेपर्यंत तिला उभं ठेवलं. का, ते तिला कळलं नसेल आणि हे पत्र तिच्या हाती पडणार नाही. मला तिचा राग आला होता, सर. तिने एकदा तरी 'उतरीन' म्हणावं, म्हणून मी वाट बघत होते.