मार्थाबाईंच्या हजेरीतलं नाव

शेळगाव, ता. इंदापूर
१२ जानेवारी १९९६

शाळेनं धाडलेलं आवतण न फोडताच परत लावून दिलंस. शिपाई ते घेऊन माझ्याकडं आला, चार बाया बघत हुत्या. लेक शिकलेली आणि रीत ही अशी.

चि. साखरबाईस आईचा आशीर्वाद. पिंपळीत समदी बरी असाल. माझ्या नातवाला, नागेशला सांग, एमआयडीसीत जाताना मोटरसायकल जरा दमानं चालीव.

मिशनच्या हायस्कुलाला चाळीस वर्सं झाली, म्हणून त्याचं पुस्तक काढत्यात. मलाबी विचारलं. सांगितलं, पत्र्याचं एक शेड हुतं, रुळाच्या तुकड्यावर हातोडी पडली की शाळा भरायची. लोक म्हणायचे पोरं बाटवतील. बाटवलं कुणालाच न्हाय, डोक्यातल्या उवा तेवढ्या काढल्या. दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन कोकणात आणि तू मार्थाबाईंच्या बोर्डिंगात. आमी परत आलो की पाटी घेऊन मलाच गिरवायला बसवायचीस. चुकलं तर बाईंवाणी डोळं मोठं करायचीस. त्याच अक्षरांनी हे लिहितीय.

एवढं सांगितलं. एक न्हाय सांगितलं.

तू आठवीत हुतीस त्या साली तुझ्या बापाचा पाय मोडला. कोकरं लई, हाताखाली माणूस न्हाय. तुला घरी आणली, तर तू रोज शाळेचंच काढायचीस. मग मी म्हणलं, बाईंनी हजेरीतनं तुझं नाव काढून टाकलं. तू शाळेचं काढायचं सोडलंस.

बाई दोनदा चालत आल्या मेंढरांच्या वाघरीच्या जाळीपाशी. तू कोकरांत लपून बसलीस. मी त्यांना म्हणलं, पोरगीच यायला न्हाय म्हणती.

सव्वीस तारखेच्या कार्यक्रमासाठी बाई आत्ताच येऊन राहिल्यात. काल भेटले. ऐंशीच्या झाल्यात, काठी लागती. जुनं हजेरीपुस्तक पुढ्यात ठेवलं. वर्सभर तुझ्यापुढं गैरहजर मांडलंय, पण नाव तसंच हाय.

"भागूबाई, साखर माझ्यावर कशापायी रुसली, तेवढं मला कळलं पायजे," म्हणाल्या.

मी चहा पिला आणि उठले.

नाव बाईंनी काढलं न्हाय. मी खोटं बोलले. माफी मागत न्हाय, त्या साली कोकरं जगली म्हणून घर जगलं. पण तीस वर्सं तू राग भलत्याच माणसावर धरलास. तो आता माझ्यावर धर.

तुझी आई
भागूबाई

ह्या पत्राचं उत्तर मला नको. बाईंना लिही, सव्वीसच्या आत, स्वतःच्या हातानं. नागेशकडनं लिहून घेऊ नको.