दुकानासमोरचा रस्ता

तीर्थरूप बाबांना लेकीचा नमस्कार,

किराणावाल्या काकांची उधारी काल फिटली. त्यांचाच फोन आला, "मागचं काही राहिलं नाही, पोरी." तेव्हा आता सामानाला धाकटीला पुढे करायचं बंद!

मी मजेत आहे. लॉन्ड्रीत मला इस्त्रीवरून काढून कपड्यांच्या घड्या घालायला बसवलंय, त्यामुळे हात भाजायचे थांबले. जेवते वेळेवर. म्हणजे, बहुतेक वेळा.

आईचा गुडघा काय म्हणतोय? तिचं औषध मी महिन्याच्या खर्चात धरलंय. तिथे काटकसर केलेली मला चालणार नाही.

बाबा, एक सांगते, रागावू नका. काकांचं दुकान टाळायला तुम्ही कामावरून मागच्या गल्लीने वळसा घालून यायचात आणि "तेवढेच पाय मोकळे होतात" म्हणायचात. मी लहान होते, खुळी नव्हते. इथे बसचे पैसे वाचवायला मीही चालत येते आणि मैत्रिणींना हेच सांगते.

उद्या दुकानासमोरून घरी या. काही घेऊ नका, सावकाश चालत या. आणि काकांनी हाक मारली, तर थांबा.

तुमची
थोरली