तिन्हीसांजा नाव घेऊ नये

१२ ऑगस्ट
किळस आली आज. अस्वलाची नव्हे, माणसांची.

बीदरच्या क्लासात जर्मनीला जाऊ बघणाऱ्या नर्सपोरींना प्राण्यांची जर्मन नावं शिकवत होते. प्रियंकानं विचारलं, "मॅडम, इंग्लिशमधी बी बेअर, जर्मनमधी बी बेअर. कसं काय?" चिटगुप्प्याला घरी येऊन शोधलं. डचांचा बेर, स्वीडनवाल्यांचा ब्यॉर्न — सगळे एकाच घरातले. आणि अर्थ काय, तर म्हणे 'तपकिऱ्या'! खरं नाव घेतलं की अस्वल दारात येतं, या भीतीनं जुने लोक नुसतं तपकिऱ्या म्हणायचे. असं करता करता खरं नावच विसरले! आपल्या संस्कृतात त्याचा भाऊबंद 'ऋक्ष' तरी उरला. त्यांच्याकडे मागमूस नाही. एवढे धिप्पाड लोक आणि एका शब्दाला भ्याले. थू!

१४ ऑगस्ट
त्यांना कशाला नावं ठेवायची? दिवेलागणीला आमच्याच कडब्यात साप निघाला. आई किंचाळली, "लांबडं! लांबडं!" मी म्हटलं, साप म्हण की. तर शेजारच्या कोंडाबाई माझ्यावरच धावल्या — "नाव घिऊ नगं गं शिवकन्या! तिन्हीसांजा नाव घेतलं की येतंय!"

अहो, आलंय की ते! समोर आहे!

१५ ऑगस्ट
सुट्टी. दिवसभर घरात. वीट आला.

१९ ऑगस्ट
बीदरच्या स्टँडवर नागेश भेटला. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, मन्नाएखेळ्ळीचा. ते बौद्ध, आम्ही पाटीलकीचा तोरा मिरवणारे. दोघांनी लग्न केलं तेव्हापासून घरात तिचं नाव बंद. बोलायचीच वेळ आली तर 'ती'.

"अक्का, सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण आईकडंच म्हणून हट्ट धरलीय. रोज विचारती, आई काय म्हणली?"

घरी विचारते म्हटलं.

जेवताना विषय काढला. आप्पा ताटावरून उठले. "त्ये नाव ह्या घरात घ्यायचं न्हाई!" नाव तर मी अजून घेतलंच नव्हतं! आई खाली मान घालून भाकरी मोडत राहिली. मला तिचाच जास्त संताप आला. पोटची पोर घरी येऊ म्हणतेय आणि ही तोंड शिवल्यासारखी गप्प! अस्वलासारखंच होणार. काही वर्षांनी या घरात कुणाला नावही आठवणार नाही. शी!

२० ऑगस्ट
आईशी बोलले नाही. तिलाही काही फरक पडलेला दिसला नाही.

२२ ऑगस्ट
क्लासवरून आले तेव्हा दिवे लागले होते. आप्पा ओट्यावर बसलेले, खाली बघत. आणि आई उंबऱ्यात उभी — मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्याकडं तोंड करून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी — "अंबिका! अंबिका! अंबिका!"

मी म्हटलं, आई, हे काय करायलीस?

"तिन्हीसांजा नाव घेतलं की येतंय म्हणत्यात न्हवं."