तुझा नंबर मी मागे ढकलला

प्रिय तम्मा,

पत्राला तीन वर्षं उशीर झाला, माफ कर. तू गेल्यावर लिहिण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. दोष दवाखान्याचा, असं ठरवून मी मोकळा झालो होतो. मंगळवारी ते मोडलं.

माझं बोट पत्र्यानं कापलं. शेजारची सुमन आता नर्सिंग शिकते, ती पट्टी बांधायला आली. गल्लीतल्या राजक्कालाही पाठीवर गळू झालंय, ती तिथंच बसली होती. मी म्हटलं, "आधी राजक्काचं कर पोरी, तिला लई दुखतंय." तर सुमन माझ्यावरच ओरडली, "न्हाय आजोबा! स्वच्छ जखम आधी, पुवाची शेवटी. न्हायतर तिचा पू तुमच्या बोटात जाईल की!"

राजक्का हसली. "घ्या! म्हातारा मोठेपणा करायला गेला."

मला हसू आलं नाही. मला तुझी खाट दिसली.

आठवतं? अंतर्गळाच्या ऑपरेशनला तू चालत गेला होतास. मिलमधल्या जोडीदारांना सांगून गेलास, "आठ दिवसांत येतो, माझा माग कुणाला देऊ नका." टाके ताजे म्हणून पट्ट्या बदलणारा ड्रेसर सकाळी सातला पहिल्यांदा तुझ्याकडे यायचा. मी भाकरी घेऊन नऊला पोचायचो. माझा जीव खालीवर व्हायचा. माझ्यामागं हा माणूस नीट करतो की नाही, कोण बघणार? तिसऱ्या दिवशी मी त्याला तंबाखूची पुडी दिली आणि म्हणालो, "माझ्या भावाचं मी आल्यावर करा की."

"मग नंबर शेवटी येईल."

"येऊ द्या."

"बरं बाबा. भाऊ हाय का जावई?"

केवढं काम केलं असं वाटलं मला! तू मात्र टोमणा मारलास, "अण्णा, तू काय हितला सुपरवायझर हायस का?"

तुझ्या आधी नंबर कोपऱ्यातल्या माणसाचा. त्याचा पाय सडला होता, वासानं नाकाला पदर लावून बायका जायच्या. तोच चिमटा, तीच वाटी, तेच जांभळं पाणी. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून सगळं डोळ्यांनी बघत होतो, तम्मा. बघायलाच तर आलो होतो ना मी?

तू विचारलंसही, "त्याच्या पायाचंच पाणी हाय का रं हे?"

मी काय म्हणालो? "गप पड. त्यांना कळतं."

तू का ऐकलंस माझं? लहानपणी एक गोष्ट कधी ऐकली नाहीस, आणि तेव्हाच का गप्प पडलास? एकदा तरी त्याचा हात झटकायचा होतास!

मग टाके लाल झाले, पू आला, ताप चढला. पेनिसिलीनच्या सुया झाल्या, कॅप्सुला झाल्या, तिसरं औषध पुण्याहून मागवलं. पू तपासायला पाठवला होता, त्याचा कागद आला. मी चौथी शिकलेला, मला काय वाचता येणार? डॉक्टरांनी औषधांच्या नावांवरून बोट फिरवलं. "यातलं काही लागू पडत नाही. जंतू दवाखान्यातलाच आहे. औषधं खाऊन खाऊन सरावलाय."

किती शांतपणे म्हणाले! आमच्या घरात साप आहे, तुम्हाला चावला, असं कुणी पाहुण्याला सांगतं का? आणि तुझ्या मरणाच्या कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं. कुणाचं बंद पडत नाही? पुवाचं नाव नाही, चिमट्याचं नाही. माझंही नाही.

ते चिमटा उकळत नव्हते, हा त्यांचा गुन्हा. मरेपर्यंत मी त्यांना माफ करणार नाही. पण तुझी पहिली पाळी मी घालवली. ती असती तर वाचला असतास का? सुमनला विचारायची हिंमत होत नाही.

तुझी बायको गंगू तुझ्यामागं अजून पहिली भाकरी माझ्या ताटात वाढते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "अण्णांनी भावासाठी दवाखान्याचा उंबरा झिजवला." घास गिळवत नाही रे.

तुला वचन देतो. सोमवारी तिला सगळं सांगणार. पुडीचंही. तिनं ताट ओढून घेतलं तरी चालेल. आणि मग रोज सकाळी सातला त्या वॉर्डाच्या दारात उभा राहणार. ताज्या टाक्यांच्या प्रत्येक माणसाच्या घरच्यांना सांगणार, पहिला नंबर सोडू नका, आणि चिमटा उकळलाय का ते विचारा. हाकलतील मला. हाकलू देत.

आपल्या लिंगायतांत पिंड ठेवत नाहीत, कावळ्याची वाट बघत नाहीत. तुला विभूती लावून मातीत बसवून आलो, तेवढंच. तुझ्या मनात काय राहिलं हे मला कोण सांगणार? स्वप्नात ये. शिव्या देत आलास तरी ये. पण सोमवारच्या आत कळव तम्मा, गंगूपुढं बसायच्या आधी.

तुझा,
अण्णा