वळणावरचा पेंढा

प्रिय भाई,

तू गेल्याला पाच वर्षं झाली. एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज शाळेतून येऊन पाय न धुता लिहायला बसले आहे. काल ग्रामपंचायतीत सभा होती. सड्यावर पुन्हा मोटारींची शर्यत घ्यायचं निघालंय! सभेत मी उभी राहिले आणि जे बोलले, ते आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं.

मागच्या शर्यतीचं सगळं तुला माहीत आहे असं मी धरून चालले असते. पण वळणावर तुझी पाठ माझ्याकडे होती. मागे काय झालं ते तू पाहिलंच नाहीस.

गोवा मोकळा झाल्यावर इन्सुलीच्या नाक्यावरून गाड्या येऊ-जाऊ लागल्या, आणि त्या मोटार क्लबवाल्यांना आपला सडा दिसला. मैलभर सपाट कातळ, झाड नाही, घर नाही. केवढं कौतुक गावाला! मास्तरीण म्हणून मला बोलावलं. क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, "बाई, वळणांवर गवताचे भारे लावायचेत. गाडी आदळली तर मऊ पडेल. बायकांकडून एवढं करून घ्या." मी वाडीतल्या बायका जमवल्या. आपल्या खळ्यातला, शेजारच्यांचा, सगळा भाताचा पेंढा दोन दिवस डोक्यावरून वाहिला. मोठ्या वळणावर माझ्या छातीपर्यंत भिंत झाली. सेक्रेटरीने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. तुला सांगू? मला फार बरं वाटलं होतं.

आदल्या संध्याकाळी तू कुडाळहून गॅरेज बंद करून आलास, शर्यतीत उतरणाऱ्या म्हापशाच्या कायतानची गाडी घेऊन. तिचं इंजिन तू स्वतः बांधलं होतंस. तू वळणापाशी उतरलास, पेंढा हातात घेऊन चुरलास आणि सरळ सेक्रेटरीकडे गेलास. त्याने हसून तुझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, विलायतेतसुद्धा गवतच लावतात."

घरी येऊन तू मला म्हणालास, "शाले, तो पेंढो थंयसून काढूक व्हयो. सकाळी बायकांका सांग. रेतीची पोती घालूया."

"रेती हाडतलंस खंयसून? खाडी चार मैलार आसा."

"रात्री गाडे जुंपतंय. तू फक्त पेंढो उचल. गो, पेट्रोल आणि पेंढो म्हणजे काय ता तुका खबर नाय. मुंबैक धावपट्टीवरच्या शर्यतीत एक गाडी जळताना मी बघलंय. आत माणूस होतो."

आणि मी काय म्हणाले? "मुंबैक दहा वर्सां रवान तू भित्रो झालंस, भाई. सायब लोकांका समाजला नाय ता तुकाच समाजला?"

जेवताना आयेने दोनदा वाढायला विचारलं, तू नुसतं हाताने ताट झाकलंस. का नाही रे मला एक थोबाडीत दिलीस? तू एकटाच पहाटे उठून चार पोती रेती आणलीस. चार! वळणाला चाळीस लागली असती. ती तू एका टोकाला ठेवलीस आणि ड्रमात गोणपाटं भिजत घातलीस. आग विझवायच्या लाल बादल्या होत्या त्या पाहुण्यांच्या मांडवापाशी, शोभेला टांगलेल्या.

शर्यत सुरू झाली तेव्हा माणसं तर पेंढ्याला टेकून उभी होती. तू ओरडून ओरडून त्यांना मागे हटवलंस. बायकांच्या बाजूला मी होते. मी कुणालाच हटवलं नाही.

तिसऱ्या फेरीत कायतान आला. चाकाखाली तांबडी खडी सरकली तो आवाज मला अजून येतो, ताटात वाळू ओतल्यासारखा. गाडी आडवी झाली, पेंढ्यात घुसली, आणि उलटून आपटली. क्षणभर लोक टाळ्या वाजवत होते, भाई! त्यांना वाटलं हीच मजा. मग टाकी फुटली. पेंढा पेटला म्हणणं खोटं आहे. ती भिंतच्या भिंत एका दमात आग होऊन उभी राहिली. माझ्या शेजारच्या पोरीच्या भुवया जळाल्या. लोक एकमेकांना तुडवत पळाले.

तू आगीकडे पळालास. ओलं गोणपाट डोक्यावर घेतलंस आणि आत शिरलास. कायतानचा पाय अडकला होता. तो कोकणीत आपल्या आईला हाका मारत होता. तू त्याच्या काखेत हात घालून ओढत होतास, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा त्याचा पाय निघाला.

तेवढ्यात दुसरी गाडी आली. कुणी निशाण दाखवलं नव्हतं. दाखवायला वळणावर कुणी ठेवलंच नव्हतं! त्या बिचाऱ्याला धुराशिवाय काही दिसलं नाही. जळत्या पेंढ्यातून तो आरपार गेला आणि पेटते भारे हवेत उडून तुमच्या दोघांवर पडले. तुझा सदरा पाठीवर पेटला. तरी तू कायतानला सोडलं नाहीस. त्याला फरफटत बाहेर काढलंस, रेतीच्या पोत्यांपाशी टाकलंस आणि तिथेच गुडघ्यांवर बसलास. सदरा फाडून काढत होतास. एवढंच व्हायचं होतं, भाई. पाठ भाजली असती, महिनाभर पालथा झोपला असतास, आणि आज माझ्याशी भांडत असतास.

पण बायकांसाठी आणलेली पाण्याची कळशी माझ्या कमरेवर होती. मी धावत आले. तुझ्याभोवती कातळावर पेट्रोल वाहत आलं होतं, कडेला जळत होतं. तू ओरडलास, "पाणी नको! पाणी नको गो! रेती मार!" तू "गो" म्हणालास, पण मागे वळून पाहिलं नाहीस. कुठल्या बाईला म्हणालास ते तुलाही ठाऊक नव्हतं.

मी ऐकलं होतं. स्पष्ट ऐकलं. आणि तरी कळशी ओतली. पेट्रोलच्या आगीवर पाणी घालायचं नाही, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या पेट्रोलवर बसून आग तुझ्या पायांपर्यंत धावत गेली. विजारीतून वर चढली. तू उभा राहिलास, आणि मग तुझं तोंडही दिसेना.

पुढे मी पदराने, हातांनी तुला बडवत होते. बायकांनी पोती फोडून रेती टाकली तेव्हा आग विझली. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्या डागांचं काय झालं माहीत आहे? लोक म्हणतात, भावासाठी आगीत हात घातले. शाळेत साहेब तपासणीला आले की मला नमस्कार करतात. मी पाच वर्षं ते नमस्कार घेतले.

कुडाळच्या दवाखान्यात तुला केळीच्या पानांवर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू डोळे उघडलेस.

"कायतान वाचलो मा?"

"वाचलो, भाई."

"पाणी कोणी घातल्यान गो?"

"माका खबर नाय."

 तू म्हणालास, "जावंदे. बिचारीक कळला नसात."

त्यानंतर तू फक्त पाणी मागितलंस, आणि तासाभरात गेलास. तू जिला माफ केलंस ती कोण, हे तुला मी सांगितलं नाही. तुझ्या हातावर न भाजलेली जागा नव्हती म्हणून मी बांधलेल्या हातांनी तुझ्या खाटेची पट्टी धरून बसले होते, आणि खोटं बोलले. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलणारी बहीण कसली रे?

तेराव्याला सेक्रेटरी आला. आयेच्या हातात त्याने चांदीचा कप ठेवला, तुझ्या शौर्याबद्दल म्हणून. वर म्हणाला, "शर्यतीत असं घडतंच." मी तशाच बांधलेल्या हातांनी आयेकडून कप ओढला आणि त्याच्या कपाळावर मारला. पुन्हा मारला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर रक्त ओघळलं तरी माझा हात थांबेना. चार माणसांनी मला धरलं. गाव म्हणालं, बरोबर केलं बाईने. पहिला तडाखा त्याच्या वाट्याचा होता, मान्य. दुसरा कुणाच्या वाट्याचा होता ते मला ठाऊक होतं.

आता काल. क्लबचा नवा माणूस आला होता, तरुण, बोलायला गोड. पोरांना शर्यत हवी आहे. कुणी म्हणालं, "बाई, पाच वर्सां झाली. आता इसरा." मी उभी राहिले. म्हटलं, मोठ्या वळणाची जागा आमच्या घरच्या सातबाऱ्यावर आहे. शर्यत घ्यायची तर गवताची काडी दिसता कामा नये. रेतीची पोती हवीत, माणसं दगडी गडग्याच्या मागे हवीत आणि कोरड्या रेतीच्या बादल्या प्रत्येक वळणावर. मोठ्या वळणावर निशाण घेऊन मी उभी राहीन.

तो म्हणाला, "बाईमाणसाने ट्रॅकवर उभं राहणं बरं दिसत नाही. आणि आग लागली तर पाणी मारायला आमची माणसं असतील ना!"

पाणी! माझ्या तोंडून निघूनच गेलं, "पाणी मी मारलं होतं. माझा भाई त्यानेच गेला."

 मी सगळं सांगितलं, पेंढ्यावरून झालेलं भांडण, कळशी, तू मारलेली हाक. सरपंचांनी कागदावर अटी लिहून घेतल्या. त्या माणसाने सही केली, मान खाली घालून. निशाण माझ्याकडे आलं. पण आये मागच्या ओळीत बसली होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

घरी येताना ती माझ्यापुढे चालत होती. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "माका सांगूक तुका पाच वर्सां लागली?" आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. आज सकाळी तिने माझ्या हातचा चहा घेतला नाही. मी तिला दोष देत नाही. तूही देऊ नकोस.

भाई, सभेत मी एक गोष्ट राखून ठेवली. तू दवाखान्यात काय विचारलंस आणि मी काय उत्तर दिलं, ते कुणालाच सांगितलं नाही. गावाला ते कळायची गरज नाही. आयेला आहे. तुझं शेवटचं बोलणं काय होतं हे ती मला कितीदा विचारते, आणि मी दर वेळी देवाचं नाव होतं म्हणून सांगत आले.

ती आता मागच्या पडवीत एकटीच बसली आहे. मी शब्द देते, हा कागद घडी घालायच्या आधी उठून तिच्याकडे जाईन आणि तू बोललास तसंच, तुझ्याच शब्दांत सांगेन. मग ती मला घरात ठेवो किंवा न ठेवो.

तुझी,
शालन