कॅलेंडरमागचा लाल तुकडा

बाबा,
शिकारीच्या कॅम्पवरून, तुमच्या रिकाम्या खाटेशेजारी बसून वाइनोचा नमस्कार.

आधी रानाचं सांगतो. लाकूडतोड झालीय, पण तुम्ही धसका घेतलात तितकं भकास नाही. पाडलेल्या मेपलच्या शेंड्यांवर हरणं दिवसाढवळ्या चरतात. तुमचं टेकून बसायचं झाड मात्र गेलं. मी त्याच्याच बुडख्यावर बसतो. ऑपरेशनचे छातीतले टाके ओढत नाहीत ना? लाकडं फोडायला जाऊ नका.

काल मोठा नर हरीण आला. दाट झाडीत चाळीस पावलांवर बघायची सवय. मोकळ्यावर तो जवळच वाटला. गोळी त्याच्या कितीतरी अलीकडे बर्फात घुसली.

नेम चुकला की शर्टाची मागची खालची पट्टी कापून भिंतीला ठोकायची, हा आपल्या कॅम्पचा कायदा. अंगात तुमचा लाल लोकरी शर्ट! मी गयावया केली. आर्वोकाका कात्री घेऊन म्हणाले, "वाक, लेका. बापाचा शर्ट घातला म्हणून बापाचा नेम येतो होय?"

कापलेली पट्टी हातात घेऊन बघतो तर ती आधीच कधीतरी नव्याने जोडलेली, आईच्या हातचे टाके! काकांनी हसत भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. मागे जुना लाल तुकडा, त्यावर तुमचं नाव आणि माझ्या जन्माचं साल. "कुणाला दाखवायचं नाही, अशी शपथ घातली होती त्याने," काका म्हणाले.

आणि आम्हाला सांगायचात, जन्मात नेम चुकला नाही!

आता दोन्ही तुकडे शेजारी आहेत. कॅलेंडर मी दुसऱ्या भिंतीला लावलं. आईचे टाके कापताना कात्री दोनदा अडली, तिला सांगा. तुमच्या छातीचेही तितकेच घट्ट राहोत.

तुमचाच, नेम चुकलेला
वाइनो